नामदार गोखले व सेवकाचे व्रत

महोत्सवाचे वर्ष उजाडले म्हणजे धर्मग्रामात कामे वाढतात, आणि कामे वाढली म्हणजे स्वयंसेवकांची आठवण होते. मंडप उभारावयाचा, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय लावावयाची, पंगती वाढावयाच्या, गायनमंडळाची तालीम घ्यावयाची, वर्गणीचा पैसा पैशाला लावून हिशेब ठेवावयाचा. ही सारी कामे जी माणसे घरची भाकर खाऊन करितात, त्यांची नावे निमंत्रणपत्रिकेवर सहसा छापली जात नाहीत. त्यांपैकी कोणी कोणी आमच्याजवळ एक प्रश्न हळूच काढितात. फुकट राबणाऱ्याने किती राबावे? त्याने कोणाचे ऐकावे, आणि त्याचे कोणी ऐकावे? काम बिघडले तर खापर कोणाच्या माथी फुटावे? पगारी नोकराजवळ निदान करारपत्र तरी असते. सेवा करणाराच्या हाती काय असते? हा प्रश्न उद्धटपणाचा आहे असे आम्हांस कधीही वाटले नाही. उलट जो मनुष्य तो विचारतो तो कामात मुरलेला असतो, असाच आमचा अनुभव आहे.

या प्रश्नाचा विचार करिताना आमच्या लोकांस पॅरिस शहरातील फ्रेडरिक ओझानाम याची आठवण होणे साहजिक आहे. त्याने १८३३ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, आपल्या सोबत्यांसह संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाची गरिबांच्या सेवेची संस्था सुरू केली, आणि दोनच वर्षांत तिला लेखी नियमावली दिली. पण ओझानामचे चरित्र आपण प्रवचनांतून पुष्कळ वेळा ऐकिले आहे. या खेपेस आम्ही आपल्याच मराठी मुलखातील एका गृहस्थाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो आपल्या धर्माचा नव्हता. परंतु सेवकाचे हक्क कोणते व सेवकाची जबाबदारी कोणती, या प्रश्नात त्याचे सारे आयुष्य गेले, त्या प्रश्नापायी त्याने मित्रांचा विरोध सोसला, आणि अखेरीस आपले उत्तर नियमांच्या रूपाने लिहून ठेविले. तो गृहस्थ म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घरची स्थिती बेताची. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करिली, आणि त्यांतून ८ रुपये ते दर महिन्यास धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चालत असे. चरित्रकार बहुधा येथे गोपाळाच्या कष्टांचे वर्णन करितात. रस्त्यावरील दिव्याखाली बसून तो अभ्यास करी, वगैरे. आमचे मन मात्र गोविंदरावांपाशी रेंगाळते. त्यांचे नाव आज कोणी घेत नाही. पुढे ज्याने शेकडो तरुणांस स्वार्थत्यागाची दीक्षा देण्याचे मनात आणिले, त्याने त्यागाचा पहिला पाठ ज्याच्या पदरी बसून गिरविला तो गुरू हा असा साधा कारकून होता.

कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे शिक्षण संपवून गोखले १८८४ साली बी. ए. झाले. मनात आणिले असते तर सरकारी नोकरी किंवा वकिली यांपैकी काहीही त्यांस मिळते. पण त्याच सुमारास पुण्यात एक निराळाच प्रयोग चालू होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनी १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढिले होते. लवकरच वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर त्यांस येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले. या संस्थेचे आजीव सभासद वीस वर्षे काम करण्याचे वचन देत, दरमहा ७५ रुपयांवर संसार चालवीत, आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. म्हणजे नोकरही तेच आणि धनीही तेच. गोखले आधी शिक्षक म्हणून शिरले व १८८६ साली आजीव सभासद झाले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय शिकविण्यास माणूस नसे तो विषय त्यांच्या गळ्यात पडे, आणि ते तो तयार करून शिकवीत. कोणत्याही धर्मग्रामात असा एक तरी मनुष्य असतो. ज्याच्याकडे नाही म्हणण्याची कला नसते, तोच बिचारा सर्व समित्यांवर सापडतो.

आता वाद आला तो असा. संस्था गरीब होती तोवर सारे एक होते. जम बसू लागला तसे प्रश्न उपस्थित झाले. आजीव सभासदाने शाळा-कॉलेजातील काम चोख केल्यावर उरलेला वेळ कोणाचा? त्या वेळेत त्याने पुस्तक लिहिले, वर्तमानपत्र चालविले, दुसऱ्या एखाद्या सार्वजनिक संस्थेचे चिटणीसपद पत्करिले, आणि त्यापासून चार पैसे मिळाले, तर ते पैसे कोणाचे? टिळकांचे म्हणणे असे की, मनुष्य एकदा संस्थेस वाहून घेतला की त्याचा सर्व वेळ व सर्व कमाई संस्थेची. बाहेरून मिळेल ते सामाईक फंडात जमा व्हावे. आगरकर, गोखले प्रभृतींचे म्हणणे असे की, ७५ रुपयांत बायकामुलांचे पोट भरणाऱ्या माणसाने आपले कर्तव्य पुरे केल्यावर त्याचा मोकळा वेळ त्यास मोकळाच असावा. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारिले तेव्हा या वादाची ठिणगी पडली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळक आपल्या तक्रारींचे सविस्तर निवेदन लिहून संस्थेतून बाहेर पडले. ज्या संस्थेच्या पायाभरणीत त्यांनी ऐन तारुण्याची दहा वर्षे घातली होती, ती त्यांस सोडावी लागली. टिळक व आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढिले होते हे ध्यानात घेतले, म्हणजे हे दुखणे किती खोलवर गेले असेल याची कल्पना येते.

आमच्या वाचकांस या वादात एक गोष्ट विशेष वाटेल. टिळकांच्या डोळ्यांसमोर जो आदर्श होता तो येशूसंघीय धर्मगुरूंचा. संत इग्नेशियस लोयोला यांच्या या संघास १५४० साली पोपमहाशयांची मान्यता मिळाली. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाने १८६९ साली काढिले. आणि त्यातील विद्वान माणसे स्वतःसाठी कवडीही न ठेविता आयुष्यभर शिकवीत असतात, हे टिळकांच्या पिढीस प्रत्यक्ष दिसत होते. टिळकांची मागणी उदात्त होती यात शंका नाही. तथापि आम्ही स्वतः सेमिनरीत वाढलो असल्यामुळे आम्हांस तीत एक उणीव दिसते, आणि ती सांगितलीच पाहिजे. येशूसंघाचा सभासद सर्वस्व देतो हे खरे. पण संघही त्याला सर्व काही देतो. त्याच्या अन्नवस्त्राची, आजारपणाची, म्हातारपणाची, इतकेच नव्हे तर त्याच्या कबरेची काळजी संघास असते. शिवाय त्याला बायकामुले नसतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने वीस वर्षांची बोली केली होती, आणि तिचे सभासद संसारी होते. व्रताचा जो अर्धा भाग मनुष्याकडून घेतो तो उचलावा, आणि जो अर्धा भाग मनुष्यास देतो तो तेथेच ठेवावा, हा न्याय नव्हे. याच्या उलट बाजूसही दोष होता. मोकळा वेळ माझा, असे एकदा ठरले की मोकळा वेळ फुगत जातो आणि मुख्य काम आक्रसत जाते, ही टिळकांची भीती निराधार नव्हती. आम्हांस विचाराल तर दोघांच्याही पदरी अर्धे अर्धे सत्य होते. गोखल्यांचे मोठेपण असे की, प्रतिपक्षाच्या पदरचे अर्धे सत्य ते विसरले नाहीत. त्याचा दाखला पुढे पंधरा वर्षांनी मिळाला. तो यथास्थळी येईल.

मध्यंतरीच्या वर्षांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गोखल्यांचे गुरू होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी गोखल्यांनी लिहावे आणि रानड्यांनी आकडा न् आकडा तपासून परत पाठवावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी गोखले दारोदार वर्गणी मागत हिंडले. ज्या काळी मोटारी नव्हत्या त्या काळचे हे हिंडणे आहे. हा भाग आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण या पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चासंबंधी चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. साक्ष उत्तम झाली. पण त्याच वेळी पुण्यात प्लेगने कहर केला होता. रोगी शोधण्यासाठी घरोघर गोऱ्या सोजिरांची पथके शिरत होती, आणि लोक हवालदिल झाले होते. पुण्याहून गोखल्यांच्या स्नेह्यांची पत्रे गेली. त्यांत स्त्रियांच्या विटंबनेच्या भयंकर गोष्टी होत्या. गोखल्यांनी त्या खऱ्या मानिल्या आणि विलायतेतील वर्तमानपत्रास व पार्लमेंटच्या सभासदांस सांगितल्या. इकडे २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि सरकारने आरोपांचा पुरावा मागितला. जुलैच्या अखेरीस गोखले परतले. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांपैकी एकही मनुष्य पुढे येऊन शपथेवर सांगण्यास तयार होईना. आता गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. पत्रे लिहिणारांची नावे सरकारला सांगून स्वतः मोकळे व्हावे, ही एक. मौन धरून वादळ जाऊ द्यावे, ही दुसरी. जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो याची जबाबदारी एकट्याने घ्यावी, ही तिसरी. त्यांनी तिसरी वाट धरिली. नावे कोणासही सांगितली नाहीत, आणि उघड, बिनशर्त माफी मागितली.

या माफीने गोखले लोकांच्या नजरेतून उतरले. भित्रा, सरकारधार्जिणा, असे त्यांस म्हटले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली, तेथे त्यांच्याकडे पाठ फिरविणारे पुष्कळ निघाले. माफी मागावयास हवी होती की नव्हती, यावर मराठी मुलखात आजही मतभेद आहेत. सोजिरांच्या पथकांनी लोकांस छळले ही गोष्ट खोटी नव्हती, आणि सर्वच आरोप मागे घेताना गोखल्यांनी हात जरा अधिकच सैल सोडला, असे म्हणणारांस आम्ही चूक म्हणणार नाही. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहता, संस्थेच्या किंवा लोकांच्या वतीने बोलणाऱ्या सेवकावर जी जबाबदारी येते, तिचा याहून कडक नमुना आमच्या वाचनात नाही. ऐकीव गोष्ट खरी म्हणून पुढे धाडणे हे जितके सोपे, तितके ती परत घेणे अवघड. आपल्या नावाने चिठ्ठी लिहून संकटसमयी दाराआड लपणारे स्नेही प्रत्येक संस्थेत असतात. त्यांस झाकून, मार स्वतः खाणारा विरळा.

आणि येथेच गोष्ट संपत नाही. प्लेग पुण्यात पुन्हा आला तेव्हा हाच अपमानित प्राध्यापक स्वयंसेवकांची तुकडी घेऊन पेठांतून हिंडू लागला. घरे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर जावे, घाबरलेल्या बायाबापड्यांस समजवावे, रोगी असेल तर त्याच्या हलविण्याची नीट व्यवस्था व्हावी इकडे लक्ष द्यावे, हे काम त्यांनी केले. त्यात त्यांच्या जिवास धोका होता. ज्या कारभाराविषयी त्यांनी दुरून तक्रार केली होती, त्याच कारभारात शिरून तो माणुसकीचा करण्यास ते झटले. तक्रार करण्याचा हक्क सेवकास आहे, आणि तो असावाच; पण तो हक्क हातात झाडू घेऊन बजाविला म्हणजे त्यास जे वजन येते ते निराळेच असते. ही गोष्ट अधिकाऱ्यांनीही पुढे मान्य केली.

१९०२ साली वीस वर्षांची मुदत भरत आली तेव्हा गोखले फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. पेन्शन ठरले दरमहा ३० रुपये. त्यांचा यापुढील लौकिक सर्वांस ठाऊक आहे: वरिष्ठ कायदेकौन्सिलातील अंदाजपत्रकावरील भाषणे, १९०५ साली काशीच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद, १९११ साली मांडलेले आणि पुढच्या वर्षी फेटाळले गेलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नम्रपणे नाकारिला. पण कौन्सिलातील हे सर्व यश पाहत असताना त्यांस एक गोष्ट डाचत होती. सार्वजनिक काम या देशात फावल्या वेळचे झाले होते. वकील कोर्ट सुटल्यावर, व्यापारी दुकान मिटल्यावर, आणि पेन्शनर वेळ जाईना म्हणून सभेस येई. मने चांगली होती. शिस्त व तयारी नव्हती.

मन चांगले असणे आणि काम येणे यांतील अंतर आपल्या जिल्ह्यास वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा टापू जमीनदोस्त केला. त्यानंतरच्या दिवसांत बाहेरून मदतीस धावलेल्या लोकांचे उपकार येथील माणूस विसरलेला नाही. पण ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांस हेही आठवत असेल की, ज्यास हाड बसविता येत होते, ज्यास सावलीचे छप्पर ठोकता येत होते, ज्यास यादी नीट लिहिता येत होती, त्याची किंमत तेथे सोन्यासारखी होती; आणि कपड्यांचे ढिगारे टाकून परतणाऱ्या गाड्यांनी मात्र वाटा अडविल्या होत्या. ज्याला दुःखितांच्या दारात उभे करावयाचे त्याला आधी शिकवावे, ही संस्थेची जबाबदारी आणि शिकविले जावे हा सेवकाचा हक्क. गोखल्यांनी हे १९०५ साली ओळखिले.

१२ जून १९०५ रोजी सकाळी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजनजीकच्या टेकडीवर सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे मराठीत भारत सेवक समाज, स्थापन झाला. शिवराम हरी साठे यांच्या हस्ते कोनशिला बसली. गोखल्यांनी प्रथम स्वतः व्रत घेतले, आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांस ते दिले. चार माणसे आणि एक दगड, एवढ्यावर ही संस्था सुरू झाली.

व्रतातील कलमे सात होती. देशाचे हित मनात सदैव अग्रस्थानी ठेवावे आणि आपल्या अंगी जे उत्तम असेल ते त्यास द्यावे. देशसेवा करताना स्वतःचा लाभ पाहू नये. सर्व हिंदी लोक, मग त्यांची जात किंवा धर्म कोणताही असो, बंधू मानावे व सर्वांच्या उन्नतीसाठी झटावे. आपल्यासाठी व आपल्या कुटुंबासाठी संस्था जी तरतूद करू शकेल तिच्यात संतोष मानावा आणि स्वतःकरिता पैसा मिळविण्यात शक्ती खर्चू नये. आचरण शुद्ध ठेवावे. कोणाशीही व्यक्तिगत भांडण करू नये. आणि संस्थेचे उद्देश नेहमी दृष्टीपुढे ठेवून, तिच्या हेतूंस बाध येईल असे काहीही न करिता, तिच्या हितास मनापासून जपावे.

वाचकहो, चौथे कलम पुन्हा एकवार पाहा. स्वतःकरिता पैसा मिळविण्यात शक्ती खर्चू नये. हेच तर टिळकांचे १८९० चे म्हणणे! ज्या मागणीविरुद्ध गोखले तेव्हा उभे राहिले, ती त्यांनी आपल्या संस्थेच्या पायात घातली. पण कलमाचा पहिला भाग त्यांनी गाळला नाही. कुटुंबाची तरतूद संस्थेने करावयाची आहे, हे त्यात स्पष्ट आहे. मागणे आणि देणे एकाच वाक्यात बांधले गेले. पंधरा वर्षांपूर्वीच्या भांडणातून दोन्ही बाजूंचे जे खरे होते ते त्यांनी असे वेचून घेतले, आणि तसे बोलूनही दाखविले नाही.

येणाऱ्या सभासदास पहिली पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या काळात तो सर्वस्वी गोखल्यांच्या, म्हणजे प्रथम सभासदाच्या, आज्ञेत असे. ते सांगतील ते वाचावयाचे, ते पाठवितील तेथे जावयाचे. आपल्या मर्जीने सभा गाजवीत फिरण्याची मुभा त्यास नव्हती. विशीपंचविशीतल्या पदवीधरांस हे किती जड गेले असेल ते आम्ही जाणतो. नव्याने धर्मग्रामात आलेल्या तरुण धर्मगुरूंसही पहिली वर्षे अशीच जड जातात. उलट पाच वर्षे पुरी झाल्यावर तो बरोबरीचा सभासद होई, आणि संस्थेच्या कारभारात त्याचा शब्द चाले. आधी आज्ञापालन आणि मग अधिकार, हा क्रम गोखल्यांनी जाणूनबुजून घातला होता. सहावे कलम, भांडण न करण्याचे, पुण्याच्या मातीत लिहिले गेले हे विशेष. त्या शहरातील किती संस्था भांडणाने दुभंगल्या हे गोखल्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांपैकी एका दुभंगात ते स्वतः होते.

नियमांची खरी परीक्षा मात्र गोखल्यांच्या अखेरच्या दिवसांत झाली. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन मोहनदास गांधी यांचे काम पाहून आले होते, आणि गांधींनी स्वदेशी परतून समाजात यावे अशी त्यांची फार इच्छा होती. जानेवारी १९१५ मध्ये गांधी परतले व लवकरच पुण्यास आले. समाजाच्या सभासदांनी त्यांचा मोठा आदर केला; पण त्यांची मते व त्यांची कार्यपद्धती समाजाच्या पद्धतीशी जुळेल काय, अशी शंका कित्येकांस आली. गोखले संस्थापक होते, प्रथम सभासद होते, दुखण्याने जर्जर झालेले होते. त्यांनी शब्द टाकिला असता तर तो मोडण्याचे धैर्य कोणास झाले असते असे वाटत नाही. पण त्यांनी सभासदांच्या शंकेचा मान राखिला. गांधींस त्यांनी एवढेच कळविले की, समाजाने घेतले किंवा न घेतले तरी मी तुम्हांस सभासदच समजेन. आणि त्यांच्या आश्रमाच्या खर्चाचा भार उचलण्याचे आश्वासन दिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखले पुण्यास वारले. बातमी कळताच टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांपुढे आपल्या जुन्या प्रतिपक्ष्याचा त्यांनी मुक्तकंठाने गौरव केला. गोखल्यांच्या पश्चात गांधींनी रीतसर अर्ज केला. परंतु सभासदांत दोन तट आहेत असे दिसताच, आपल्यापायी मतदानाचा कडवटपणा नको म्हणून, त्यांनी तो स्वतः होऊन परत घेतला. आत घेण्याचा हक्क संस्थेचा, हे त्यांनी मानिले. पुढे जे घडले ते पाहता समाजाने हातचे रत्न दवडिले असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो; ज्यांनी शंका घेतली त्यांनी प्रामाणिकपणे घेतली होती, आणि दोन्ही बाजूंचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

त्या स्नेहाचे प्रत्यंतर दोनच महिन्यांत आले. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात समाजाचे हृदयनाथ कुंझरू स्वयंसेवकांचे पथक घेऊन गेले होते, आणि ज्यांचा प्रवेश अडला होता ते गांधी आपल्या फिनिक्सच्या मुलांसह त्यांच्या मदतीस गेले. तेथे त्यांनी मागून घेतलेले काम म्हणजे यात्रेकरूंच्या शौचासाठी खणलेले चर आणि त्यातील मैल्याची व्यवस्था.

समाजाच्या सभासदांनी पुढे जागोजागी कामे उभी केली. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्याबरोबर पुण्याचे सेवासदन वाढविले. १९०९ साली समाजात आलेले नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढिली. गिरणीकामगारांच्या चाळींतून रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविणारे तिचे स्वयंसेवक हे त्या शहरात नवलच होते. १९२० साली कामगारसंघांची अखिल भारतीय संघटना जन्मास आली तीत जोशी अग्रभागी होते.

या ना. म. जोशी यांच्या हाताखाली चिटणीस म्हणून एक तरुण काम करीत असे. सोलापूरकडे शिकलेला, असहकारितेच्या हाकेसरशी शाळा सोडलेला, आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केलेला हा तरुण म्हणजे व्यंकटेश भवानराव खेडगीकर. १९२९ च्या सुमारास तो मुंबई-दिल्लीकडचे काम सोडून आपल्या या जिल्ह्यात आला. सध्याच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा गावी १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढिली होती. चहूकडे निजामाचा अंमल. सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. आणि आडगावात मराठीतून शिकविणारी ही लहानशी शाळा, जिच्यातील शिक्षक पोटापुरते घेऊन राबत. खेडगीकर तिचे मुख्याध्यापक झाले. गोखल्यांपासून जोशींकडे आणि जोशींपासून त्यांच्याकडे आलेली सेवकाची रीत त्यांनी येथील मुलांस व सोबती शिक्षकांस घालून दिली. हिप्परग्यासच त्यांनी संन्यास घेतला, आणि पुढे हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्यात सारा मराठवाडा त्यांस ज्या नावाने ओळखू लागला ते स्वामी रामानंद तीर्थ हे नाव त्यांस आपल्या जिल्ह्यातील त्या गावी मिळाले.